साठ सेकंदांचा विमानतळ

करडखेडीच्या मुलांना इंग्रजी बोलता येत नाही, ही गंभीर बाब वरिष्ठ कार्यालयाच्या निदर्शनास आली. त्यावर उपाय म्हणून 'साठ सेकंद इंग्रजी' हा उपक्रम जाहीर झाला. शिक्षकानं मुलांचा मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढायचा, पोर्टलवर चढवायचा आणि पोर्टलनं त्याला तारे द्यायचे. तीनपेक्षा कमी तारे पडले, तर शिक्षकानं लेखी खुलासा करायचा. मुलांकडून खुलासा मागवण्याची तरतूद नव्हती, कारण मग तो इंग्रजीत घ्यावा लागला असता.

करडखेडीच्या सातवीपर्यंतच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या रत्नमाला खिल्लारे. बाई हाडाच्या शिक्षिका. खोटं लिहिणं त्यांच्या जिवावर येई, म्हणून त्यांचे खुलासे चार-चार पानांचे होत. सातवीतली उमेरा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दहा वाक्यं शिकवली की ही अकरावं स्वतःच्या मनानं बोलायची. पण तिची आई लतीफा तिला आठवीसाठी अनसिंगच्या शाळेत धाडायला राजी नव्हती. बाईंनी शिवणाच्या मशीनपुढं बसून चार वेळा मनधरणी केली, तेव्हा कुठं ती कबूल झाली, तेही अट घालून.

"सकायची बस दारातून जाते, म्हून हो म्हनलं, मॅडम. बस बंद झाली त पोरगी माह्यासंगं मशीनवर बसन. जीपले लटकून म्या नाई धाडत."

"बस कायले बंद होते, लतीफाबी? मी हावो ना!" बाई म्हणाल्या. माणूस उत्साहात काहीही बोलून जातो.

पोर्टलवर प्रसंगांची यादी होती. करडखेडीच्या वाट्याला 'ॲट द एअरपोर्ट' आलं. बाईंनी केंद्रप्रमुख मारोतरावांना फोन लावला.

"सर, बैलबाजार चालन का? पोरं धडाधड बोलतीन."

"बैलबाजार यादीत नाई."

"पन विमानतळ पोरायनं पाह्यलाच नाई."

"मी तरी कुठी पाह्यला? परिपत्रक म्हन्ते, प्रसंग स्थानिक पायजे अन् यादीतलाच पायजे. थे कसं जमवाचं, हे तुमचं कौशल्य."

बाईंनी जमवलं. सोयाबीन वाळवायचं सिमेंटचं खळं झालं धावपट्टी. सामान मोजायला रेशन दुकानाचा वजनकाटा आला. फवारणीपंपाच्या इंजिनानं विमानाचा आवाज काढला. लतीफानं जुन्या कुर्त्याची बाही कापून वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी शिवली आणि ती बांबूवर चढवली. उमेरा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभी राहिली आणि तिनं घोषणा केली, "लेडीज अँड जेंटलमेन, वेलकम टू करडखेडी एअरपोर्ट. प्लीज कीप युवर गोट्स अवे फ्रॉम द रनवे."

शेवटचं वाक्य बाईंनी शिकवलेलं नव्हतं. शेळ्या खरोखरच आल्या होत्या.

पाच तारे पडले. जिल्ह्यात पहिला नंबर! गावानं बाईंचा सत्कार केला आणि शेळ्यांच्या मालकानंही हार घालून घेतला.

पण पोर्टल फार हुशार होतं. व्हिडिओ कुठं काढला हे त्याला मोबाईलवरून कळे आणि व्हिडिओत काय आहे हे ते आपलं आपण ओळखी. त्यानं दोन्हीची सांगड घातली आणि गावाच्या सुविधांच्या तक्त्यात नोंद केली: विमानतळ, एक, चालू स्थितीत. लगोलग शाळेला पत्र आलं की, धावपट्टीवर शेळ्या आढळल्या असून त्यांचा तातडीने बंदोबस्त करावा. बाईंनी तीन पानी उत्तर लिहिलं की हा विमानतळ नाही, खळं आहे. त्यावर उलट टपाली पत्र आलं: 'विमानतळाचा वापर खळे म्हणून होत असल्याचे आपण मान्य केले आहे. सबब आपणांस समज देण्यात येत आहे.'

बाई हसल्या आणि पत्र कपाटात ठेवून विसरल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर उमेरा आठवीत गेली. आईनं शिवलेला कडक इस्त्रीचा गणवेश घालून ती दहा दिवस बसनं अनसिंगला गेली. अकराव्या दिवशी बस आलीच नाही. सुविधा समन्वय कक्षाचा आदेश निघाला होता: ज्या गावी हवाई सेवा उपलब्ध आहे, तिथली बसफेरी ही दुहेरी सुविधा ठरते. ती फेरी विमानतळ नसलेल्या एका मागास गावाला देण्यात आली होती.

बाई धावत लतीफाकडं गेल्या. मशीनशेजारी एक दुसरं स्टूल मांडलेलं होतं. उमेरा त्यावर बसून काजं करत होती आणि तिनं मान वर केली नाही.

"तुमी म्हनल्या होत्या, मी हावो ना," लतीफा एवढंच बोलली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी तडक वाशीम गाठलं. कक्षातला लिपिक मोठा अदबशीर होता.

"विमानतळ काढून टाकता येतो का?" बाईंनी विचारलं.

"येते की. बंद पडल्याचा अर्ज द्या. खाली व्यवस्थापकाची सही पायजे."

"व्यवस्थापक कोन?"

त्यानं पडद्यावर व्हिडिओ लावला. "हे पोरगी. घोषणा तर हेच करून राह्यली."

"अहो, तेरा वर्साची हाये ते!"

"मंग आईची सही घ्या. अन् शाळेकडून आमी कागद घेत नसतो, मॅडम. अर्जाचा व्हिडिओच टाका. साठ सेकंद, इंग्रजीत, यादीतला प्रसंग."

यादीत एक प्रसंग अगदी बेतून ठेवल्यासारखा होता: 'ॲट द बस स्टॉप'.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनसिंगला शिकायला जाणाऱ्या गावातल्या बारा मुली थांब्यावर उभ्या राहिल्या. या वेळी वजनकाटा नाही, इंजिन नाही, काही नाही. उमेरा मोबाईलकडं बघत इंग्रजीत बोलायला लागली. आमच्या गावात विमानतळ नाही. ते खळं आहे. आमची बस बंद झाली आहे. आम्ही बारा जणी आहोत. माझी आई वाईट नाही, पण तिला माझी काळजी वाटते, म्हणून ती मला घरी बसवणार आहे. मला शिकायचं आहे. कृपा करून आमची बस पाठवा. शेवटच्या वाक्याला तिला रडू फुटलं.

पुन्हा पाच तारे. शेरा असा होता: 'क्रियापदांचे काळ अचूक. उच्चार स्पष्ट. अखेरचा रडण्याचा अभिनय नैसर्गिक.' आठ दिवसांत तो व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला.

"सर, बसचं काय?" बाईंनी मारोतरावांना विचारलं.

"बस कायची, मॅडम! व्हिडिओ साऱ्या जिल्ह्याले नमुना म्हून लागला. आता बस सुरू केली त पोरगी खोटी नाई का पडन?"

इतका सुंदर व्हिडिओ म्हटल्यावर अभ्यासदौरे निघणारच. पुढच्या बुधवारी तीस शिक्षक खास बस करून, बस न येणारा थांबा पाहायला आले. त्यांनी थांब्याचे फोटो काढले, चहा घेतला आणि निघायला बसमध्ये चढले. तेवढ्यात दप्तर सावरत उमेरा चढली आणि तिच्यामागं अकरा जणी.

"ट्वेल्व टिकेट्स फॉर अनसिंग, प्लीज," ती म्हणाली.

पाहुण्यांना वाटलं, प्रात्यक्षिक! टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तीस मोबाईल वर आले. प्रसंग अर्धवट राहू नये म्हणून ड्रायव्हरनं बस थेट अनसिंगच्या शाळेच्या फाटकाशी नेली. तिथं बारा जणींचं 'थँक यू' टिपून मंडळी तृप्त होऊन परतली. कार्यालयानं विचारणा केली की, असं प्रात्यक्षिक रोज होऊ शकेल काय?

बाईंनी लेखणी उचलली. सकाळी आठचा उजेड व्हिडिओला उत्तम पडतो. परतीचा प्रसंग पाच वाजता अनसिंगहून घ्यावा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं उत्तर दोन ओळींत संपलं, आणि त्या रात्री त्यांना झोपही गाढ लागली.

आता रोज आठला दौरा येतो. लतीफानं ते स्टूल उचलून माळ्यावर टाकलं आहे. अजून मोडीत दिलेलं नाही, कारण दौऱ्यालाही अट आहे: व्हिडिओला महिन्याला दहा हजार अंगठे पडले पाहिजेत. महिनाअखेरीस बाई देव नाही, आकडा बघतात.

तुम्हीही तो व्हिडिओ पाहिलाच असेल. 'खेड्यातली पोरगी, पण काय फाडफाड बोलते!' असं म्हणून अंगठा दाबला असेल, आणि 'बघ, शीक काहीतरी' म्हणून घरच्या पोरांनाही पाठवला असेल. दाबत राहा, बारा जणींची शाळा त्यावरच चालली आहे. फक्त एकदा आठवून सांगा, ती पोरगी मागत काय होती?