पूर्वार्धाचं तिकीट वेगळं

ज्या वस्तूला खर्च जास्त येतो ती वस्तू चांगली असतेच. नसेल तर खर्च करणाऱ्याला मूर्ख म्हणावं लागेल, आणि पैसेवाल्या माणसाला मूर्ख म्हणायची आपल्याकडे रीत नाही. याच तत्त्वावर देशातला सिनेमा उभा आहे आणि काही काळ भिवंडीतली श्रीमंगल टॉकीजही उभी होती. मी या टॉकीजचा मानद चिटणीस. दारावरच्या फळ्यावर खडूने सूचना लिहिणं हे माझं काम, आणि त्याबद्दल मला कायमचा फुकट पास होता. त्यामुळे तिकिटाच्या दराकडे मी नेहमीच निःपक्षपातीपणे बघू शकलो.

मालक बाळाराम शेठ. राहनाळची भातशेती गोडाऊनवाल्यांना विकून त्यांनी टॉकीज बांधली. लहानपणी त्यांनी तंबूतला सिनेमा खालून कापड उचलून बघितला होता, आणि आपली टॉकीज झालीच तर तिला पक्क्या भिंती असाव्यात हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. त्यांच्या पत्नी गोदूबाई यांचं मत निराळं होतं. "गोडाऊन बांदा म्हनत होते मी," त्या सांगायच्या. "माल येतो, गप बसतो, भाडं देतो. पान खाऊन भितीवर थुकत न्हाय." हा युक्तिवाद सुरू झाला की शेठ जेवता जेवता उठायचे.

शेवटी शहाऐंशीच्या दिवाळीत नवराबायकोत तह झाला. पुढच्या दिवाळीपर्यंत टॉकीज सावरली तर ठीक, नाहीतर खुर्च्या काढायच्या आणि गोडाऊन करायचं. शेठनी गोदूबाईंच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली आणि ते तडक माझ्याकडे आले. "मास्तर, लिवा फळ्यावर. टॉकीज बंद होनार न्हाय." मी मास्तर नाही, पण खडू हातात असला की भिवंडीत माणसाला मास्तर म्हणतात. मी लिहिलं. टॉकीज बंद होऊ शकते हे तोपर्यंत कोणाच्या डोक्यात नव्हतं, ते या सूचनेमुळे गावभर झालं.

आता टॉकीजला अडचण काय होती? गर्दी तर व्हायची. अडचणीचं मूळ भिवंडीकरांच्या उद्योगशीलतेत होतं. पॉवरलूमवर एक नियम आहे: माणूस बदलतो, लूम थांबत नाही. दिवसपाळीवाला हात काढतो तेव्हा रातपाळीवाल्याचा हात तिथे आलेला असतो. हाच नियम इथल्या माणसांनी सिनेमाच्या खुर्चीला लावला. संध्याकाळच्या खेळाचा इंटरव्हल आणि शिफ्ट बदलायची वेळ नेमकी एकच होती. सोमा रातपाळीवर आणि लहानू दिवसपाळीवर, दोघं एकाच लूमचे जोडीदार. सोमा पहिला अर्धा पिक्चर बघायचा, इंटरव्हलला फाडलेलं अर्धं तिकीट खिशात घालून कारखान्यात जायचा, ते लहानूच्या हातात द्यायचा आणि लूम ताब्यात घ्यायचा. लहानू धावत येऊन सोमाच्याच खुर्चीत बसायचा. डोअरकीपर अर्धं तिकीट बघतो, तोंड बघत नाही. सकाळी पाळी बदलताना लहानू सोमाला शेवट सांगायचा, सोमा लहानूला सुरुवात सांगायचा, आणि दोघांचा मिळून एक सिनेमा पुरा व्हायचा.

याला कोणी फसवणूक म्हणेल तर ती व्यक्ती भिवंडीची नव्हे. खुर्ची एक मिनिटही रिकामी राहत नव्हती. मी त्या काळात एक पाहणी केली होती. तीत शंभरापैकी ऐंशी लोकांनी आयुष्यात एकही सिनेमा सलग बघितलेला नव्हता आणि तरी ते सुखी होते. (उरलेले वीस धामणकर नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकल्याने मोजता आले नाहीत.)

अशात मुंबईहून वितरकाचा माणूस आला. त्याच्याकडे त्या वर्षीचा सर्वांत खर्चिक सिनेमा होता. "शेठ, असली जहाज डुबाया है," तो म्हणाला. "तिकीट डबल करना पडेगा." जहाज प्रेक्षकांसाठी बुडवलं, तेव्हा त्याची किंमत प्रेक्षकांनी भरावी, हे शेठना पटलं. गोदूबाईंना नाही पटलं. "आपल्या खाडीत होडी फुकट बुडते," त्या म्हणाल्या, "आन बुडनारा वळखीचा असतो." पण शेठच्या डोळ्यांत जहाज शिरलं होतं, आणि दर दुप्पट झाला.

दर दुप्पट होताच ज्यांना खुर्चीत जोडीदार नव्हता त्यांनीही तो शोधला. सख्ख्या भावांमधले जुने अबोले त्या आठवड्यात संपले. नवरा पूर्वार्ध बघायचा, बायको उत्तरार्ध, आणि इंटरव्हलला दारात पोर या खांद्यावरून त्या खांद्यावर जायचं. शुक्रवारी लूमला सुट्टी, तरी त्या दिवशीही हाच प्रकार. शेठ दारात उभे राहून बघत होते. इंटरव्हल झाला, अख्खी टॉकीज उठून घरी गेली, आणि दुसरीच एक अख्खी टॉकीज आत येऊन बसली. शेठना वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण मला सूचना लिहायची होती.

सूचना अशी होती: "प्रेक्षकाने सिनेमा संपेपर्यंत तोच प्रेक्षक राहावे." लोकांनी ती वाचली, माझ्या अक्षराची तारीफ केली आणि अर्धी तिकिटं बदलून घेतली. तेव्हा शेठनी ऐतिहासिक निर्णय घेतला. पूर्वार्धाचं तिकीट वेगळं, उत्तरार्धाचं तिकीट वेगळं.

या सुधारणेत एकच उणीव राहिली. जहाज उत्तरार्धात बुडत होतं. त्यामुळे पूर्वार्धाचं तिकीट कोणीच काढेना, आणि आत मी एकटा पासावर बसू लागलो. पूर्वार्धात नुकसान होतं म्हणून पूर्वार्धाचा दर वाढवला. तरीही कोणी येईना. मग शेठनी आणखी सखोल विचार केला आणि उत्तरार्ध आधी दाखवायला सुरुवात केली, म्हणजे आलेली गर्दी पूर्वार्धालाही बसेल. गर्दी आली. जहाज बुडालेलं बघून उठून गेली. पूर्वार्धाचं तिकीट फक्त एका आक्काने काढलं. मघाशी बुडालेलं जहाज आता झोकात चाललेलं बघून ती म्हणाली, "बरं जालं बाय, वाचली मानसं," आणि समाधानाने घरी गेली. ज्याच्या पैशाचं चीज झालं असा त्या सिनेमाचा हा एकमेव प्रेक्षक.

आता सगळ्या गावाला शेवट ठाऊक होता, आणि पहिल्या आठवड्यात बघितलेली सुरुवात कोणाच्याच लक्षात राहिली नव्हती. ही गरज सोमाने ओळखली. टॉकीजसमोरच्या चहाच्या टपरीवर तो संध्याकाळी पूर्वार्ध सांगू लागला. चहा पाजेल त्याने ऐकावं. खरा पूर्वार्ध सोमाही विसरला होता, पण त्यामुळे त्याचं काही अडलं नाही. त्याच्या पूर्वार्धात नायिका वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर नायकाला भेटायची, आणि जहाजाचा मालक हा भिवंडीचा लूमवाला होता, जो बापाच्या तेराव्यालाही बदली माणूस देत नसे. "इसलिए जहाज डूबा," सोमा सांगायचा, "ज्यानं मानसाला सुट्टी न्हाय दिली, त्याला पानी सुट्टी कशी देल?" टपरीवर रस्ता अडेपर्यंत गर्दी होऊ लागली. गर्दीच्या मागे एक माणूस डोक्यावरून पंचा घेऊन उभा असायचा. ते बाळाराम शेठ होते. तंबूचं कापड उचलून बघताना त्यांचा चेहरा असाच झाला असेल असं मला वाटलं.

दिवाळी जवळ आली होती. शेठनी पिक्चर बंद करून सोमाला आत बोलावलं, पडद्यासमोर उभा केला आणि तिकीट पूर्वीच्याच दराचं, एकच ठेवलं. टॉकीज भरली. इंटरव्हलला कोणी उठलं नाही, कारण सोमा इंटरव्हल घेत नव्हता. लूमवर रातपाळीचे लोक उशिरा पोचले आणि भिवंडीत बहुधा पहिल्यांदाच लूम माणसांसाठी थांबले. गोदूबाई स्वतः येऊन पहिल्या रांगेत बसल्या, तोंडात पान असूनही थुंकल्या नाहीत. घरी जाताना शेठना म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तुमची टॉकीज." शेठ रडले. मला खरोखर आनंद झाला, आणि तो मी फळ्यावर लिहिलाही.

इथे एखादा सामान्य मालक थांबला असता. शेठना मात्र मोठ्या सिनेमाची दृष्टी आली होती. इतक्या स्वस्तात मिळतं म्हणजे ते हलकंच असणार, उद्या लोक विचारतील की यात खर्च काय केलात. म्हणून सोमाला चमकीचा कोट शिवला. माईक आणला, चार रंगांचे दिवे आणले. खाडीतली खरी होडी आणली, दारातून जाईना म्हणून तिचे दोन तुकडे केले आणि रोज रात्री सोमाच्या मागे ती बुडवायची व्यवस्था केली. "शेठ, ह्या होडीची मना भीती वाटते, गोष्ट इसरतो मी," सोमा म्हणाला. शेठनी त्याची समजूत घातली की गोष्ट आता दुय्यम आहे. अर्थात खर्च निघायला हवा, आणि तिकीट दुप्पट झालं.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या टपरीवर लहानू बसला होता. सोमा आत काय सांगतो ते तो कटिंग चहावर सांगत होता, आणि त्याच्या सांगण्यात होडी नव्हती, त्यामुळे ते चटकन समजत होतं. गर्दी टपरीकडे वळली, आणि दिवाळीच्या आधीच खुर्च्या निघाल्या.

श्रीमंगलमध्ये आता टीव्हीच्या खोक्यांची थप्पी आहे. भाडं वेळेवर येतं. शेठनी एक खुर्ची काढू दिली नाही. संध्याकाळी ते तिच्यावर बसतात, जिथे पडदा होता त्या भिंतीकडे बघत. गोदूबाई चहा घेऊन येतात आणि शेजारच्या खोक्यावर टेकतात. "बोल काय तरी," असं शेठ म्हणतात. मग त्या बोलतात, शेठ ऐकतात, आणि सोमाचा तो पूर्वार्ध गोदूबाईंना शब्दन् शब्द पाठ आहे असं कळतं.

आता वाचकहो, आपण. गोष्ट वाचून आपल्याला शेठसाठी वाईट वाटलं असेल, हा आपला मोठेपणा. हे पुस्तक आपण कोणाकडून मागून आणलंत ते मी विचारत नाही, आणि परत केव्हा देणार तेही नाही. उद्या ही गोष्ट आपण चहाबरोबर कोणाला तरी सांगाल, सांगताना शेवट बदलून टॉकीज वाचवाल, आणि ऐकणारा म्हणेल, झकास, आता वाचायची गरज नाही. जरूर सांगा. माझ्या प्रकाशकाच्या घरीही एक गोदूबाई आहेत, आणि त्या परवाच छापखान्याची लांबीरुंदी मोजून गेल्या.