नको म्हणजे चावी बंद

मल्लप्पाकाकांच्या घरी चहा हवा असेल तर पहिल्या विचारण्यालाच ‘हो’ म्हणायचं, हा आमच्या कॉलनीतला अलिखित नियम आहे. मला तो कोणी सांगितला नव्हता. आम्ही नवे राहायला आलो त्या दिवशी, सोलापूरच्या भर उन्हात, मी त्यांच्याकडे बादली मागायला गेले. काकांनी विचारलं, “चहा घेनार का, बाई?” मी रीतसर म्हणाले, “नको नको, उगाच कशाला.” काकांनी मान डोलावली आणि पेपर उघडला. आत चहा उकळत होता, आल्याचा वास ओसरीपर्यंत येत होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरची, पंख्याची, त्यांच्या गुडघ्याची चौकशी करत दहा मिनिटं काढली, पण दुसऱ्यांदा काही विचारणं झालं नाही. काकांनी माझ्यासमोर बशीत ओतून आपला चहा संपवला आणि मी बादली घेऊन घरी आले.

मी शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे अधिकारवाणीनं सांगते, की आपल्याकडे ‘नको’ हा नकार नसून जिना आहे. पहिलं नको संस्कारांचं, दुसरं नको लाजेचं, आणि तिसरं नको म्हणजे ‘बरं, अर्धा कप’. काका आयुष्यभर पहिल्याच पायरीवरून परत फिरत आले. नोकरीही त्यांना स्वभावाला साजेशी मिळाली होती. पाणीपुरवठा खात्यात ते चावीवाले होते. सायकलला लांबलचक लोखंडी चावी बांधून पेठापेठांतून फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी फिरवली की पाणी सुरू, उलटी फिरवली की बंद. मधलं काही नाही. निवृत्तीनंतरही त्यांचं तत्त्वज्ञान तेवढंच राहिलं. कोणी टोकलं की म्हणायचे, “नको म्हणजे चावी बंद. मानूस बोलतंय तेच खरं धरायचं की.”

त्यांच्या पुतणीच्या लग्नात एका शहाण्यानं हुग्गीची बादली त्यांच्या हाती दिली. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. लिंगायतांच्या लग्नात तिच्यासाठीच माणसं लांबून येतात. काकांनी दीडशे पानांची पंगत पाच मिनिटांत उरकली. प्रत्येकापुढे वाकायचे, “हुग्गी?” समोरचा पानावर आडवा हात धरून “नको, नको” म्हणायचा, की काका पुढे. बादली भरल्याभरली परत आली. वरपक्षाचे मामा कोरड्या पानावरून उठले ते थेट गाडीत जाऊन बसले, आणि त्यांना उतरवायला नवऱ्या मुलीला जावं लागलं. त्यानंतर भावकीत काकांना फक्त पाणी वाढू देतात. पाण्याला कोणी नको म्हणत नाही.

पण माणूस लबाड नव्हता, हे मला हळूहळू कळलं. त्यांचं स्वतःचं नकोही खरंच असायचं आणि हो सुद्धा. पोळी हवी असली तर ताट पुढे करून सरळ “पायजे” म्हणायचे. कॉलनीतल्या लहान मुलांचे तर ते देव होते, कारण गालगुच्चा नको म्हटलं की न घेणारे सगळ्या गल्लीत ते एकटेच. तरीही मी त्यांना मनातल्या मनात आणि चार बायकांत मोठ्यानं ‘धोंडा’ म्हणत असे. कारण मला त्यांच्या बायकोची, गौराक्कांची दया यायची.

गौराक्का अक्कलकोटकडच्या एका खेड्यातल्या. माहेरची भाषा कानडी. लग्नाला चाळीस वर्षं झाली. मराठी त्या माझ्यापेक्षा झणझणीत बोलतात. पण एक गंमत माझ्या ध्यानात आली होती. भाजीवाल्यानं किडका दोडका पुढे केला की त्या म्हणायच्या, “ब्याड.” तो आणखी चिकटला तर, “ब्याड अंद्र ब्याड,” म्हणजे नको म्हटलं ना, मग नकोच. तो भाजीवाला मराठी माणूस, पण हे कानडी ऐकलं की मुकाट पुढे जायचा. उलट मी शेंगापोळी घेऊन गेले तर अक्का म्हणायच्या “नको”, आणि ताटली हातात घ्यायच्या. म्हणजे शिष्टाचाराचा नकार मराठीत आणि खरा नकार कानडीत. मला हे दोन महिन्यांत समजलं. काकांना चाळीस वर्षांत समजलं नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात अक्का बार्शीला लेकीकडे, महादेवीकडे, शेवया करायला आठ दिवसांसाठी गेल्या. आठव्या दिवशी काकांनी फोन केला, न्यायला येऊ का? अक्का म्हणाल्या, नको. काकांनी फोन ठेवला आणि विषय संपला. दहावा दिवस गेला, पंधरावा गेला. काका कडक भाकरी चहात बुडवून खायला लागले. शर्टाची बटणं एक घर चुकवून लागायला लागली. संध्याकाळी ओसरीवर ते दोन खुर्च्या मांडायचे आणि एकीवर बसायचे. मी विचारलं, अक्का कधी येणार? तर म्हणाले, “ती नको म्हनली. तिला तितं बरं वाटत असंल.”

एकोणिसाव्या दिवशी महादेवीचा मला फोन आला. आई रोज दुपारी स्टँडकडून येणाऱ्या रिक्षा बघत गॅलरीत बसते, म्हणाली. आणि काल तिनं शेजारच्या बाईला सांगितलं, की आता मी इथंच राहणार. तिकडं कुणाचं अडत नाही. ‘मीच त्यांना नको झालेय.’

मी तशीच उठले आणि काकांकडे गेले. सगळं सांगितलं. ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. काका म्हणाले, “पन नको तर ती म्हनली हुती.”

त्या दुपारी मी आयुष्यातला सर्वांत अवघड मराठीचा तास घेतला. सातवी ‘क’ ला प्रयोग शिकवणं याहून सोपं. काकांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे पेन्सिलनं उतरवून घेतलं: पहिलं नको, खरं न्हाय. दुसरं नको, जवळजवळ हो. तिसरं नको, आना. अक्कांचं ब्याड, खरं. लगेच निघू म्हटलं तर तयार होईनात. पहिल्यांदा सराव करायचा म्हणाले, चूक व्हायला नको.

दोन दिवस कॉलनीनं जे भोगलं ते काही विचारू नका. गॅसवाला चहाला नको म्हणाला, तर काका त्याच्या टेम्पोसमोर उभे राहिले. तीन कप पिऊन त्याची सुटका झाली. आमचे हे शिडी परत द्यायला गेले, ते चार शेंगापोळ्या खाऊन पोट धरत परतले आणि म्हणाले, “पूर्वीचेच बरे होते.” विमा विकायला आलेल्या मुलीनं पाणी नको म्हटल्यावर काकांनी तिला इतका आग्रह केला, की ती विमा न विकताच निघून गेली. एवढा एक फायदा मात्र झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. काका इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी बसले, कॅलेंडरचं पान घडी करून खिशात. शहर मागे पडल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, काका, इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही, पुन्हा विचारून बघावं?

काका रस्त्याकडे बघत बोलायला लागले. लग्न झालं तेव्हा गौरा एकोणीसची होती, तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. घर आत्या-मावश्यांनी भरलेलं. नव्या नवरीला खाऊ घालायचं म्हणून जो तो तिच्या ताटात वाढत होता. ती ब्याड म्हणायची, की सगळे हसायचे आणि आणखी तूप ओतायचे. शेवटी ती मोरीत जाऊन ओकली. काका पाण्याचा तांब्या घेऊन गेले तेव्हा भिंतीला धरून रडत होती.

“घरात पंधरा मानसं, बाई. एकालाबी तिचं ऐकू येत नव्हतं. तवाच ठरवलं, आपन तरी ऐकायचं. ती नको म्हनली की पुन्हा विचारायचं न्हाय.”

“हे अक्कांना कधी सांगितलंत?”

“हे काय सांगायचं असतंय व्हय?”

मला माझ्या धोंडा म्हणण्याची लाज वाटली. मी एवढंच म्हणाले, “तुम्ही त्या दिवशी ऐकलंत ते ब्याड होतं, काका. नको त्या नंतर शिकल्या. आणि आम्हा मराठी बायकांकडून शिकल्या.” काकांनी खिशातलं पान काढलं, उघडून वाचलं आणि पुन्हा ठेवलं.

महादेवीच्या दारात पोचलो तेव्हा अक्का सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. काकांना पाहून हात थांबला, पण मान वर झाली नाही. काका उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, “चल की घरी.”

“नको,” अक्का म्हणाल्या.

आणि काकांचे पाय सवयीनं फाटकाकडे वळले. मी खाकरले, तसे भानावर आले. दुसऱ्यांदा म्हणाले, चल की गौरा. अक्का म्हणाल्या, नको, हितं पोरीला माझा हात लागतोय. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तीन बोटं दाखवली. पण तिसऱ्या वेळी त्यांना पाठ केलेलं काही आठवलं नाही.

“तू नसलीस की घर खायला उठतंय,” ते म्हणाले. “तुला खरंच यायचं नसंल तर ब्याड म्हन. मी जातो.”

अक्का सूप खाली ठेवून आत गेल्या. मी, काका आणि आवाज ऐकून बाहेर आलेली महादेवी, आम्ही तिघं उभे. काका पुटपुटले, चुकलं काय माझं? तेवढ्यात अक्का बाहेर आल्या, हातात गच्च भरलेली पिशवी. महादेवीनं माझ्या कानात सांगितलं, आठव्या दिवसापासून पिशवी भरलेलीच होती. रोज सकाळी नेसायला एक लुगडं तेवढं त्यातून काढायची.

येताना दोघं मागच्या सीटवर बसले. वाटेत वैराग गाव आलं आणि काकांनी एकदम विचारलं, “गड्ड्याच्या जत्रंत पाळन्यात बसायला नको म्हनली हुतीस. महादेवी कडेवर हुती तवा.”

“बसायचं हुतं,” अक्का म्हणाल्या.

“ती हिरवी इरकल?”

“पायजे हुती.”

“हैदराबादला जाऊ म्हनलं हुतं.”

“ते खरंच नको हुतं. तुमची भन येनार हुती.”

मी हसू दाबलं. या माणसानं बायकोचा एकेक नकार जपून ठेवला होता, वेळकाळासकट. अक्काही आता जरा वळून बसल्या होत्या. काका पुढचं विचारायला घाबरत असावेत, कारण आवाज खाली आला. “आप्रेशनच्या दिवशी मी थांबतो म्हनलं. तू म्हनलीस, नको, कामावर जावा.”

“थांबायला पायजे हुतं,” अक्का म्हणाल्या. “आत नेताना मी मागं वळून बघितलं. सगळ्यांची मानसं दारात हुती. माझं कुनी नव्हतं.”

“मी गेलोच नव्हतो,” काका म्हणाले.

“काय?”

“गेटाबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसलो हुतो दिसभर. सायकल, चावी, डबा घिऊन. दर घंट्याला वाचमनला वर पाठवायचो, कशी हाय बघून ये म्हनून. सहाला सुट्टी झाल्यागत वर आलो.”

“मग आधीच यायचं की वर.”

“तू नको म्हनली हुतीस.”

मला रस्ता नीट दिसेना म्हणून मी चष्मा पुसला. दोघांना लवकर घरी पोचवावं, आपण मध्ये कशाला, असं वाटून गाडीचा वेग वाढवला. थोडं अंतर गेल्यावर अक्कांनी मागून माझ्या खांद्याला हात लावला.

“बाई, सावकाश चालवा की,” त्या म्हणाल्या. “यांचं अजून लई विचारायचं ऱ्हायलंय.”