डबक्याचे समन्वित व्यवस्थापन

दवाखान्याच्या मागे, गळक्या नळाखाली, एक डबके होते. लांबी चार हात, रुंदी तीन. त्यात डास होत, डास वॉर्डात येत आणि वॉर्ड भरलेला राही. सिस्टरने वरिष्ठांना एका ओळीचा अर्ज दिला : "डबके बुजवावे, ही विनंती."

अर्ज एकाच ओळीचा असल्यामुळे वरिष्ठांना त्याच्या गांभीर्याविषयी शंका आली. प्रश्न आरोग्याचा खरा. पण पाणी अभियंत्याचे, डास कीटकशास्त्रज्ञाचे, माती भूगर्भशास्त्रज्ञाची आणि नाक दाबून जाणारी माणसे समाजशास्त्रज्ञाची. तेव्हा सात शाखांची समन्वय समिती नेमण्यात आली. पहिल्या तीन बैठका 'डबके' या शब्दाच्या व्याख्येत गेल्या. चौथीत अध्यक्षांनी जागतिक आरोग्याचा उल्लेख केला आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. चार हातांचे डबके एकदम जगाचे झाले.

एव्हाना सिस्टरच्या सासूबाई चार नंबरच्या खाटेवर थंडीतापाने कुडकुडत होत्या.

"सूनबाई, मच्छरदाणी तरी लाव गं."

"नाही लावता येत, आई. समितीने तुम्हाला बिनमच्छरदाणीच्या गटात घातलंय. तुलनेसाठी."

"कुणाशी तुलना?"

"पाच नंबरशी."

पाच नंबरची बाई जाळीत खुशाल घोरत होती. सासूबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिले, सुनेकडे एकदा पाहिले आणि भिंतीकडे तोंड फिरवले. ते सिस्टरच्या फार जिव्हारी लागले. ती तडक सफाईवाल्या मावशींकडे गेली.

मावशींनी नळाचा वायसर बदलला, दोन घमेली मुरूम टाकला आणि पायाने दाबला. वीस मिनिटे लागली. पंधरा दिवसांत निम्म्या खाटा रिकाम्या झाल्या.

समिती हादरली. अध्यक्षांनी दोघींना बोलावून घेतले.

"तुमची शाखा कोणती?" त्यांनी मावशींना विचारले.

"झाडू."

"ती आमच्या यादीत नाही."

"मग लिहा की! पेन तुमच्याच हातात आहे."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावले. अभ्यासविषय नष्ट केल्याबद्दल सिस्टरला लेखी समज मिळाली आणि डबके पूर्ववत करण्याचा ठराव एकमताने झाला. सात शाखांचे एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. भूगर्भशास्त्रज्ञाने मुरूम उपसून घेतला, कीटकशास्त्रज्ञाने बाटलीतून अळ्या आणून सोडल्या, आणि अभियंत्याने नळ पुन्हा गळता करून दिला, वर्षभराच्या हमीसह.

सिस्टरने सासूबाईंना घरी नेले आणि मच्छरदाणीत निजवले. समितीच्या कागदावर 'एक नमुना फरार' अशी नोंद झाली.

डबक्याचे लोकार्पण थाटात झाले. 'हा आंतरशाखीय सहकार्याचा विजय आहे,' असे अध्यक्ष म्हणाले. मागे उभ्या असलेल्या सिस्टरने बोलायला तोंड उघडले. आत डास गेला. तिला ठसका लागला आणि तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात एकशे बारा डास मेले. प्रकल्पात डास मेल्याची तेवढी एकच नोंद आहे, आणि ती सविस्तर आहे. पहिल्या रांगेत तुम्ही बसला होतात. तुमच्या नावावर तीन आहेत.