भाडेकरूला उठवण्याची हमी

चंद्रभानने एजंटचं लायसन काढायचं ठरवलं ते केवळ बायको परत यावी म्हणून.

तसं त्या काळात नागपुरात घरांची दलाली करायला लायसन लागत नव्हतं. पानठेलेवालासुद्धा पानाला चुना लावता लावता एखादं घर विकून टाकायचा. पण दिवाळीला माहेरी गेलेली सुभद्रा चंद्रभानच्या सासऱ्यांनी परत पाठवली नव्हती. सासरे म्हणजे कन्हानचे नानाजी. रेतीचे ठेकेदार, आवाज नदीच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाईल असा.

"जवाईबापू, तुमी माणूस चांगले आहा," ते म्हणाले होते, "पण चांगलं असणं हा काही धंदा नाही. सोताच्या पायावर उभे राहा, मंग पोरगी घेऊन जा."

चंद्रभान मान खाली घालून परत आला. (मान तशीही त्याची खालीच असायची.) नववीतून शाळा सोडल्यावर तो एका किराणा दुकानात लागला होता. तिथे गिऱ्हाइकाला तो आपणहून सांगायचा, "डाळीत खडे आहेत, निवडून घ्या." मालकाने एक दिवस त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला घरी पाठवून दिलं.

तेव्हा लायसन. ते महापालिकेचं दुकानाचं लायसन होतं. चंद्रभानचं नाव आणि दुकान दर सोमवारी बंद राहील, एवढाच त्यात मजकूर. दुकान नव्हतंच, त्यामुळे ते मंगळवारीही बंदच असायचं. आईने, म्हणजे जिजाबाईंनी, लायसनला काच बसवून ते देवांच्या शेजारी टांगलं आणि रोज उदबत्ती ओवाळताना त्यालाही एक वळसा देऊ लागल्या.

धंदा शिकवायला ताराचंद भेटला. हा जुना दलाल कॉटन मार्केटजवळच्या एका चहाच्या टपरीवर सकाळपासून बसलेला असायचा.

"हे पाय गा," ताराचंद म्हणाला, "मालकाचं नाव पार्टीले सांगायचं नाही. पार्टीचं नाव मालकाले सांगायचं नाही. दोघं परस्पर भेटले की दलाल मेला. घर दाखवाले नेताना गल्ल्यागल्ल्यांतून असं फिरवायचं, का पार्टीले एकट्यानं परत येता नाही आलं पायजे. अन् सोताच्या घराचा पत्ता कोणालेच द्यायचा नाही. लोकं जेवाच्या टायमाले येतात."

"तुमालेही नाही?"

"मले तं बिलकुलच नाही."

चंद्रभानने हे सगळं मनापासून पाळलं. तरी पहिला सौदा फिसकटला. हुडकेश्वरला एका मास्तरांना प्लॉट दाखवताना तो म्हणाला, "इथं पावसाळ्यात पाणी साचते. म्हशी बसतात." मास्तरांनी आभार मानले आणि आल्या रस्त्याने निघून गेले. ताराचंदने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

तिसऱ्या दिवशी त्यानेच हाक मारली.

"एक घर आहे. जुनं, पण पक्कं. मागं विहीर. मालकीण म्हातारी झाली, विकून मोकळी होतो म्हणते. पार्टीही तयार आहे, कामठीच्या एका दलालाजवळ. पण पार्टीले घर खाली पायजे."

"मंग खाली नाही का?"

"आत भाडेकरू आहे. एक म्हातारी अन् तिचा पोरगा. पोरगा कुचकामी आहे म्हणते मालकीण. चार शब्द विचारले तं एकाचं उत्तर देते."

चंद्रभानला त्या म्हातारीची फार दया आली. असा पोरगा वैऱ्याच्याही पोटी येऊ नये, असं त्याला वाटलं.

"त्याले उठवायची हमी कोणी घेतली तं सौदा झालाच समज," ताराचंद म्हणाला.

आणि चंद्रभान जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "मी घेतो."

निरोप कामठीला गेला, तिथून पार्टीला गेला, की खास लायसनवाला एजंट भाडेकरू उठवण्याची जबाबदारी घेऊन राहिला आहे. पार्टी खूश झाली म्हणे.

त्या दिवशी जेवताना चंद्रभानने आईला सांगितलं, "माय, एक भाडेकरू उठवला की सुभद्रा घरी आली समज."

"कोणाची हाय नको घेऊ बाप्पा," जिजाबाई म्हणाल्या. "घरात म्हातारं माणूस आहे का त्याच्या?"

"माय आहे त्याची."

"मंग तिच्याशी गोड बोलजो. अन् नाहीच ऐकलं तं पोराले जरा दम दे. अशी पोरं गोड बोलून उठत नाहीत."

ठरल्या दिवशी ताराचंदने सायकलरिक्षा केला. चंद्रभान आपला माणूस असला तरी नियम तो नियम. कॉटन मार्केटहून सक्करदऱ्याला जायला कोणी धरमपेठेतून जात नाही, ताराचंद गेला. तिथून महालात आला, दोन गल्ल्यांतून रिक्षा उलटा फिरवला, एका देवळाला वळसा घातला. रिक्षावाल्याने मध्येच थांबून, "साहेब, पत्ता सापडून नाही राहिला का?" असं विचारलं.

शेवटी रिक्षा सक्करदऱ्यात शिरला. ओळखीची पिठाची चक्की गेली. चंद्रभानला वाटलं, इथून पुढे जायचं असेल. ओळखीची चिंच गेली. त्याला वाटलं, किती जवळ आहे आपल्या घराहून, जाता जाता मायले हाक मारता येईल.

रिक्षा त्याच्याच दारात थांबला.

इथे कोणीही काही तरी बोललं असतं. पण चंद्रभानला शब्द सुचायला नेहमीच उशीर लागायचा, आणि तोवर ताराचंदने कडी वाजवली होती.

जिजाबाईंनी दार उघडलं. हाताला पीठ होतं.

"बाई, भाडेकरू तुमीच ना?" ताराचंद म्हणाला. "तुमचा पोरगा कुठं आहे?"

"कामावर गेला. काहून?"

"हे घर विकून राहिलं. तुमाले खाली करा लागते. हे आमचे लायसनवाले साहेब, हेच आता तुमाले समजावून सांगतील." आणि त्याने आपल्या पाठीमागे उभ्या चंद्रभानला पुढे ढकललं.

माय-लेक समोरासमोर उभे राहिले.

"बोल ना गा," ताराचंद कुजबुजला. "गोड बोल."

"माय," चंद्रभान म्हणाला.

"वा," ताराचंद खूश झाला. "असंच बोल."

"आता दम दे," जिजाबाई थंडपणे म्हणाल्या. "त्या दिवशी मीच सांगतलं होतं."

ताराचंद दोघांकडे आळीपाळीने पाहत असतानाच दुसऱ्या बाजूने दुसरा रिक्षा आला. कामठीच्या दलालानेही आपल्या पार्टीला भरपूर फिरवलं असावं, कारण उतरताना पार्टीचा तोल गेला. पार्टीच्या डोक्यावर पांढरा फेटा होता आणि पार्टीचा आवाज साऱ्या मोहल्ल्याला ऐकू आला.

"अरे, हे तं आपल्याच पोरीचं घर आहे!"

चंद्रभानने नानाजींच्या पाया पडून घेतलं. दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

हळूहळू उलगडा झाला. जावई पायावर उभा राहायची वाट पाहून थकलेल्या नानाजींनी लेकीच्या नावाने नागपुरात घर घ्यायचं ठरवलं होतं. कोणाचं, कुठलं, ते कोणत्याच दलालाने सांगितलं नव्हतं. नानाजींनी विहीर पाहिली, भिंतीवर मूठ आपटून पाहिली. घर त्यांना पसंत पडलं.

"फक्त एक," ते म्हणाले. "तो भाडेकरू उठवायची हमी घेणारा एजंट कोणता?"

ताराचंदने बोट दाखवलं.

नानाजींनी फेटा सारखा केला. "अन् भाडेकरू?"

ताराचंदने बोट हलवलंच नाही.

"इवाई, आता आपसातलं आहे," जिजाबाई व्याह्यांना म्हणाल्या. "राहू द्या."

"नाही," नानाजी म्हणाले. "जवाईबापूनं पहिल्यांदा कोणाले तरी जबान दिली. ते मोडली तं धंद्यात नाव खराब होईल त्याईचं."

चंद्रभानलाही ते पटलं. खरेदी झाली त्या दिवशी त्याने घर रीतसर खाली केलं. खाटा, भांडी, पिठाचे डबे, देव आणि लायसन, सगळं चिंचेखाली मांडलं. नानाजींनी सगळ्या खोल्या रिकाम्या असल्याची खात्री करून घेतली, कुलूप लावलं, ताबा घेतला, कुलूप काढलं. मग सुभद्रेने उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि आपल्या घरात पाय ठेवला. वळून सासूला म्हणाली, "या ना आत्याबाई, आत या."

चंद्रभान खाटेजवळ उभा होता. बऱ्याच वेळाने तिला आठवण झाली. "तुमीही या."

माणूस सासरी राहायला गेला की घरजावई होतो. चंद्रभान कुठेही गेला नव्हता. चिंचेपर्यंत जाऊन परत आला होता, तेवढ्यात झाला. दलाली मात्र कोणीच दिली नाही. जावयाला दलाली देत नसतात, असं नानाजी म्हणाले, आणि भाडेकरूला तर नाहीच, असं ताराचंद म्हणाला.

तरी बायको घरी आली, हे खरं. महिनाभर संसार गोडीने चालला. मग एका सकाळी वांग्याच्या भाजीवरून खटका उडाला. चंद्रभानने फक्त एवढंच म्हटलं होतं, की भाजीत मीठ जास्त आहे. (विचारलं तर सांगितलं. न विचारता नाही, एवढा फरक आता पडला होता.)

अशा वेळी बाईने रागाने पेटी भरावी आणि माहेरी जावं, अशी रीत आहे. सुभद्रेने पेटी काढली, घडी घालून कपडे भरले आणि ती दाराशी आणून ठेवली. चंद्रभान समजूत घालायला पुढे आला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कपडे त्याचे आहेत.

"मी माहेरीच आहो," सुभद्रा म्हणाली. "आता तुमी पाहा."

चंद्रभानने आईकडे पाहिलं. जिजाबाई भाजी निवडत होत्या.

"जाय बाप्पा," त्या म्हणाल्या. "मले सुनेच्या माहेरी भांडण नाही पायजे."