खोतभाईंची तुरटी

खोतभाई आमच्याकडे जेवायला आले की पहिला घास घेण्याआधी लोणच्याला मीटर लावत. खिशातून तांब्याच्या तारेचा तुकडा आणि जस्ताचा मुलामा दिलेला एक खिळा काढायचा, दोन्ही लिंबाच्या फोडीत खुपसायचे, मीटरच्या सुया टेकवायच्या आणि आकडा हलला की समाधानानं मान डोलवायची. "जीव हाय!" मग माझ्या बायकोकडे, सुनंदाकडे वळून, "वहिनी, मागच्या बरणीपेक्षा कमी दाखवतोय. मीठ कमी पडलं काय?" मीठ खरोखरच कमी पडलेलं असे. सुनंदाला या गोष्टीचा भयंकर राग येई. सासूनं काढलेल्या खोडी तिनं मुकाट्यानं ऐकल्या होत्या, पण यंत्रानं काढलेली खोड तिला सहन होत नसे.

अब्दुल्ला खोत रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. सौदीत खमीस मुशैतला एका बांधकाम कंपनीत कामगारांची हजेरी आणि पगाराचं काम बघत. मी तिथल्या सरकारी इस्पितळात रक्त तपासणारा तंत्रज्ञ. आम्ही एकाच इमारतीत राहायचो, आम्ही खाली सहकुटुंब आणि ते वर गच्चीलगतच्या खोलीत एकटे. मराठी बोलणारी दोनच बिऱ्हाडं, त्यामुळे ओळख व्हायला एक दिवसही लागला नाही. मात्र हा माणूस काय करतो हे समजायला बरेच दिवस लागले.

ते बॅटरीचे सेल बनवत. विकत मिळतात तसले नाहीत. तुरटी आणि एप्सम सॉल्ट, म्हणजे जुलाबाचं मीठ, तव्यावर वितळवायचं, त्यात चिमूटभर स्वयंपाकाचं मीठ टाकायचं आणि तो गरम रस तांब्याच्या नळीच्या तुकड्यात ओतायचा. मध्ये मॅग्नेशियमची कांडी उभी करायची. रस थिजला की खडीसाखरेसारखा घट्ट खडा होतो आणि त्या खड्यातून वीज निघते. फार नाही. असे तीनचार खडे एकमेकांना जोडले तर डाळीच्या दाण्याएवढा एक दिवा मिणमिणतो. पण तो महिनोन् महिने मिणमिणत राहतो, यावर खोतभाई फिदा होते. "दुकानातला सेल सगळी ताकद भसाभस देतो आणि खलास. हा बघ कसा पुरवून पुरवून देतो. मॅनर्स हायत ह्याला."

तांब्याच्या नळ्या एसी बसवणाऱ्यांच्या भंगारातून मिळत. मॅग्नेशियमची कांडी मात्र दुर्मीळ. ती असते गीझरमध्ये. खारं पाणी टाकीला खाण्याऐवजी कांडीला खातं, म्हणून ती आत सोडलेली असते. खमीस डोंगरावर, थंडी भरपूर, त्यामुळे घरोघरी गीझर. कुणाचा गीझर बिघडल्याचं कानावर आलं की खोतभाई सांत्वनाला हजर. एकदा आम्ही रजेवर गेलो असताना झाडांना पाणी घालायला म्हणून किल्ली त्यांच्याकडे दिली होती. परत आलो तर झाडं टवटवीत होती आणि थोड्याच दिवसांत गीझरमधून लाल पाणी येऊ लागलं. मी आयुष्यभर रक्त बघत आलो, तरी बादलीभर लाल पाणी बघून माझं धाबं दणाणलं.

खोतभाईंनी लगेच कबूल केलं. "नवीकोरी कांडी होती, जाधव. आतमध्ये फुकट झिजत होती बिचारी."

"अहो, झिजण्यासाठीच असते ती!"

"झिजायची तर उजेड देऊन झिजूंदे की," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खर्चानं नवा गीझर बसवून दिला. जुन्याची टाकी मात्र घेऊन गेले.

त्यांच्या तुरटीची कथा तर साऱ्या बाजारात झाली होती. आपल्याकडे जशी तुरटी ओवाळून निखाऱ्यावर टाकतात आणि दृष्ट काढतात, तशी तिकडेही काढतात. जुन्या बाजारात औषधी मसाले विकणारा एक पांढऱ्या दाढीचा अरब होता. त्याच्याकडून माणसं सुपारीएवढा तुकडा नेत. खोतभाई पिशवीभर नेऊ लागले, तेही दर आठवड्याला. म्हातारा सुरुवातीला गप्प राहिला. मग एक दिवस त्यानं खोतभाईंना आत बसवलं, कहवा पाजला, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून दुवा पुटपुटली आणि विचारलं, "भावा, एवढं वाईट तुझ्यावर कोण चिंततंय?" खोतभाईंनी आपल्या मोडक्या अरबीत सेल समजावून सांगितला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डोळे पुसले. नजर थेट डोक्यावर गेली, असं त्याचं मत झालं. तेव्हापासून तो त्यांना मापापेक्षा जास्त तुरटी घालू लागला.

मला मात्र या माणसाचं मनापासून कौतुक वाटायचं. परदेशात एकटी राहणारी माणसं मी खूप पाहिली. कुणी टीव्हीपुढे आडवं होतं, कुणी गावातल्या भाऊबंदांची भांडणं फोनवरून चालवतं. हा माणूस कचरा उचलून आणायचा आणि त्यातून उजेड काढायचा. फसला तरी खूश. "का मेला, ते तर कळलं!" म्हणून पुन्हा तवा तापवायचा.

एका शुक्रवारी दुपारी सुनंदानं दिलेला डबा घेऊन मी वर गेलो. नमाजहून येऊन ते गच्चीवर फोनवर बोलत होते. आवाज चढलेला, हातवारे चाललेले. "खोटा! एवढा कसा दाखवील? मीटर बदलून बघ! ...पुन्हा बघितलास? ...या अल्ला!" आणि खदाखदा हसायला लागले. मला वाटलं, पलीकडे कुणी प्राध्यापक असणार.

फोन ठेवून म्हणाले, "बाईनं हरवला पुन्हा."

बाई म्हणजे त्यांची बायको, जमीलाभाभी. त्या गावी तेच खडे बनवत होत्या. फुटक्या घागरीचं तांबं, जुन्या सेलच्या वरचं जस्त आणि गावच्या वाण्याकडची तुरटी. आणि त्यांचेच सेल जास्त टिकत. कारण साधं होतं, खड्याला थोडा ओलावा लागतो. खमीसची कोरडी हवा यांचे खडे वाळवून मारून टाकायची आणि खाडीवरच्या दमट हवेत भाभींचे खडे मस्त जगायचे. हे कारण दोघांनाही ठाऊक होतं, तरी दर शुक्रवारी भांडण नव्यानं व्हायचं.

"आधी काय बोलायचो सांगू?" खोतभाई म्हणाले. "जेवलीस? जेवलो. पैसे आले? आले. पाऊस? हाय. मग दोघंही गप. मीटर फिरतोय फोनचा, आणि दोघंही गप. मुलगी लग्न होऊन गेल्यावर तर तेवढंपण उरला नाय. मग एकदा तिला सहज सांगितलं, तुरटी वितळवून बघ. तेव्हापासून फोन ठेववत नाय."

सौदीकरणाचा जोर वाढला तेव्हाची ही गोष्ट. स्थानिक माणसं पुरेशी नसली की कंपनी लाल यादीत जायची आणि परदेशी लोकांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, अडायचे. हजेरी आणि पगाराची कामं आता सौदी माणसांकडेच जाणार होती. खोतभाईंना कंपनीनं फायनल एक्झिटचं सांगितलं, म्हणजे कायमचं घरी. तुरटीवाल्या म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. "मी आधीच सांगत होतो, तेवढ्या तुरटीनं भागणार नव्हतं," म्हणाला.

खोतभाईंनी नव्या माणसाला काम नीट शिकवलं. कुठे कडवटपणा नाही. मला वाटलं, चला, सुटला माणूस, आता बायकोजवळ सुखानं राहील. पण त्यांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. तवा थंड पडला. माझ्या ओळखीच्या एका कफीलकडे, म्हणजे परदेशी माणसाला जामीन राहणाऱ्या मालकाकडे, दुकानात काम होतं, ते मी सुचवलं तर ते एखाद्या बुडणाऱ्यासारखे माझ्या हाताला धरून बसले. म्हटलं, "भाई, पैशाची अडचण आहे का?"

"पैशाचा नाय रे." ते म्हणाले. "जाधव, लग्न झालं आणि तीन महिन्यांत मी इकडे आलो. मग रजा. दर दोन वर्षांनी पाहुण्यासारखा जायचो, पाहुण्यासारखा जेवायचो. फोनवर मी तिच्याशी किती बोलतो ते तू बघितलंस. समोर बसली की मला शब्द फुटत नाय. मी पंख्याकडे बघतो, ती ताटाकडे. रजा होती तोवर निभावला. आता रोज समोर असणार. काय बोलू? ती म्हणेल, ह्या कुठल्या मुक्या माणसाला आणून ठेवलाय माझ्या घरात."

मला हसू आलं नाही. मला त्यांची फार दया आली. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावणारा हा माणूस स्वतःच्या घरी हजर व्हायला घाबरत होता. मी म्हटलं, "भाई, ती दुकानातली नोकरी घ्यायची का?" त्यांनी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाले. "तिनं गावात सगळ्यांना सांगितलंय मी येतो म्हणून. खिडक्यांना रंग काढलान. आता कसा नाय जाऊ?"

सगळे सेल बरोबर न्यायचा त्यांचा हट्ट होता. तांब्याच्या नळ्या, लोंबणाऱ्या वायरी आणि लुकलुकणारा दिवा घेऊन जवळच्या अभाच्या विमानतळावर गेलात तर घरी कोण पोहोचेल, हे समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी खडे आमच्याकडे ठेवले आणि फक्त मीटर नेला. विमानतळावर त्यांनी मला मिठी मारली.

महिना झाला तरी त्यांचा फोन नाही. माझ्या मनात नको ते यायला लागलं. शेवटी एका सकाळी मीच गावच्या नंबरावर फोन लावला. जमीलाभाभींनी उचलला.

"भाई कसे आहेत?"

"बरे हायत. मागच्या पडवीत त्यांनी सगळा मांडलान. तवापण माझाच नेलान."

मी चाचरत विचारलं, "बोलतात ना तुमच्याशी?"

त्या हसल्या. "काय सांगू भाऊ तुम्हाला. पहिले आठ दिवस समोर बसून पंख्याकडे बघत होते. मला तर रडायला यायचा. मग एक दिवस मी चुलीपाशी होते नि माझा फोन वाजला. बघते तर ह्यांचाच नंबर. घरातल्या घरात! पडवीतून विचारतात, तुझा खडा किती दाखवतो? मी म्हटलं, माझा जास्तच दाखवतो. मग जे भांडण लागला, दुपारचा जेवण करपला माझा."

"आणि आता?"

"आता रोज फोन करतात. मध्ये एक भिंत हाय नुसती. शेजारीण म्हणते, येडी काय तू, उठून जा की त्यांच्याजवळ." त्या पुन्हा हसल्या. "जाईन की. होईल हळूहळू. पण समोरचा माणूस अजून माझ्या वळखीचा नाय झाला, भाऊ. फोनवरचा हाय. त्याला कसा तोडू?"

एवढ्यात त्यांचा आवाज एकदम घाईचा झाला.

"ठेवते हां भाऊ. त्यांचा फोन येतोय."