खैरनार काका आणि गटाराचा उतार

खैरनार काका तुमच्याकडे पहिल्यांदा आले की बसायच्या आधी खिशातून काचेची गोटी काढतात आणि फरशीवर ठेवतात. गोटी घरंगळते. काका चष्मा सारखा करत तिच्या मागे मागे जातात, ती थांबेल तिथे वाकून बघतात आणि निकाल सांगतात. आमच्याकडे ती सोफ्याखाली गेली. "पाणी शिरलं की आधी इथं. सोफा उचला," काका म्हणाले. बायको आत पोहे करत होती. पोहे होईपर्यंत मी आणि ज्यांना मी दहा मिनिटांपूर्वी ओळखतही नव्हतो ते काका, अशा आम्ही दोघांनी सोफा समोरच्या भिंतीला नेला. त्या पावसाळ्यात पाणी शिरलं ते बरोबर सोफ्याच्या जुन्या जागी. तेव्हापासून मी या माणसाशी वाद घालत नाही.

काका मूळचे सटाण्याकडचे. अंबडच्या एका कारखान्यात सगळी नोकरी तपासणी विभागात झाली. लोकांनी केलेल्या वस्तू मापायच्या आणि नापास करायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर वस्तू संपल्या, म्हणून त्यांनी आमची कॉलनी घेतली. एरवी ते आपल्यासारखं शहरी मराठी बोलतात, पण संतापले की अहिराणीत शिरतात. कुणी नवी मोरी बांधली, अंगण फरसबंद केलं की काका फाटकात उभे: "समदं छान. पण उतार कोठे शे?" एका वास्तुशांतीला त्यांनी हा प्रश्न होम चालू असताना विचारला होता.

त्यांच्या स्कूटरच्या डिकीत गवंडी वापरतात ती लेव्हलची नळी असते. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत येतं आणि जमीन कुठे उंच, कुठे खोल ते कळतं. दुसरं टोक धरायला माणूस लागतो. गेली सहा वर्षं तो माणूस मी आहे.

आमची रो हाउसेस नाल्याच्या काठाला आहेत. पावसाचं पाणी खरं तर नाल्यात जायला हवं, पण गल्लीतलं जुनं गटार मुख्य रस्त्याकडे काढलेलं आणि रस्ता डांबराचे थर खाऊन वर चढलेला. त्यामुळे पाणी रस्त्याकडे जातं, रस्ता बघतं आणि माघारी आमच्या घरात येतं. सगळ्यांत खोलात आमचं घर. काकांचं समोर, कोपऱ्यावर, नाल्याला लागून, पण जोतं तीन फूट उंच. त्यांच्या घरात पाण्याचा थेंब कधी शिरला नाही. तरी महापालिकेत अर्ज करायचे ते, नालेसफाईवाल्यांसमोर उन्हात उभे राहायचे ते, आणि काढलेला गाळ काठावरच ठेवलेला दिसला तर "हाई काय शे?" म्हणून ट्रॅक्टरपुढे आडवे व्हायचे तेही तेच. तो गाळ पहिल्या सरीत परत नाल्यात जातो, हे त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला कागदावर चित्र काढून समजावलं होतं.

मागच्या वर्षी त्यांच्या अर्जांना यश येऊन गल्लीत गटाराचं नवं चेंबर झालं. काका तेव्हा गावी लग्नाला गेलेले. शेजारच्या जाधव काकू म्हणाल्या, "गोदामाईची ओटी भरतो, मग तिलाच मिळणाऱ्या पाण्याची नको का भरायला?" आम्हाला पटलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड अशी साग्रसंगीत ओटी भरली आणि ती चेंबरमध्ये सोडण्याचा मान मला मिळाला. पुढच्या मोठ्या पावसात माझ्या घरात गुडघाभर पाणी. काकांनी लोखंडी आकडा घालून खणात गुंडाळलेला नारळ पाइपाच्या तोंडातून ओढून काढला, कारखान्यातल्या सवयीनं व्हर्नियर कॅलिपरनं मापला आणि म्हणाले, "नुसता नारळ गेला असता. खणानं अडवलं." खण त्यांनी धुऊन, इस्त्री करून जाधव काकूंना परत नेऊन दिला.

यंदा पावसाळी गटाराची नवी लाइन मंजूर झाली. महापालिकेच्या तरुण इंजिनियर मॅडम नकाशा घेऊन आल्या. गल्लीतून थेट नाल्यात पाइप न्यायचा, पण कुणाच्या तरी आवारातून. गल्लीतल्या देवळाकडून नेला तर देवाला चालणार नव्हतं. जाधवांकडे गाडी होती. मी म्हणालो, माझ्या पार्किंगला नुकत्याच टाइल्स बसवल्यात. ज्याच्या घरात पाणी शिरतं त्याच माणसाचं हे बोलणं होतं, हे इथे नमूद करतो.

"आधी मापू," काका म्हणाले.

देवळाकडून मापलं, जाधवांकडून मापलं, माझ्या टाइल्सवरून मापलं. कुठेच पुरेसा उतार नव्हता. मग काकांच्या आवारातून मापलं. उतार होता, अगदी हवा तेवढा. काका म्हणाले, "पुन्हा धरा." मी धरली. असं चार वेळा झालं. पाणी दर वेळी त्याच खुणेवर.

तिथे, त्यांचं घर आणि कंपाउंड यांच्यामधल्या जागेत, वैशूची खोली होती. वैशू त्यांची एकुलती मुलगी, बंगळुरूला असते. तिच्या लग्नानंतर काका-काकूंनी ती खोली माहेरपणासाठी बांधली. पुढे काकू गेल्या. वैशू वर्षातून एकदा सकाळी येते आणि संध्याकाळी पुण्याला सासरी जाते. त्या खोलीत ती एक रात्रही राहिलेली नाही. आजपर्यंत सगळ्यांना नापास करणाऱ्या काकांना आता स्वतःची खोली नापास करायची होती, आणि नळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

"खोली जाईल. लिहून घ्या," काका मॅडमना म्हणाले.

मॅडमनाच वाईट वाटलं. "काका, पंप बसवून दुसरीकडून नेता येईल का बघते."

"पंप बिघडतो, मॅडम. उतार बिघडत नाही."

मला माझ्या टाइल्सची लाज वाटली. खोली रिकामी करायला मी गेलो. गाद्यांवरचं दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं; त्या तशाच काकांच्या घरात नेऊन ठेवल्या. छताला पाळण्यासाठी दोन कड्या होत्या. वैशूचं बाळंतपण बंगळुरूच्या इस्पितळात झालं, त्यामुळे त्यांना कधी काही टांगलं गेलं नाही. काका कड्यांकडे एकदा बघून म्हणाले, "कड्या स्लॅबमध्ये घेतल्यात. निघायच्या नाहीत." दोन दिवसांत खोली पडली, आठवड्यात पाइप गेला.

आषाढात दिवसभर पाऊस कोसळला. गल्लीतलं पाणी चेंबरमध्ये गेलं आणि मुकाट नाल्यात उतरलं. आमची फरशी कोरडी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढे घेऊन गेलो. काका खोलीच्या जागी, पाइपावरच्या पावसानं भिजलेल्या सिमेंटवर खुर्ची टाकून बसले होते. पेढ्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"वैशूचा फोन होता," ते म्हणाले. "खोली पाडल्याचं सांगितलं. तर विचारते, मग आम्ही आल्यावर झोपायचं कुठं?"

"मग?"

"सहा वर्षं खोली होती, तेव्हा एकदाही विचारलं नाही तिनं." ते माझ्याकडे वळले. "विचारलं म्हणजे यायचं मनात असेल ना?"

मापल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा हा माणूस माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होता. खरं तर मला काहीच ठाऊक नव्हतं.

"येणारच," मी म्हणालो.

काका लगेच उठले. "मग गाद्यांना ऊन द्यायला हवं."

ऊन कुठेच नव्हतं. आभाळ पुन्हा भरून येत होतं. आम्ही दोघांनी मिळून गाद्या बाहेर काढल्या.