निवडून पाठवण्याची रीत

लोकशाहीत जनता आपल्यातला सर्वांत योग्य माणूस निवडून संसदेत पाठवते, हे सर्वमान्य आहे. योग्य कशासाठी, याबद्दल राज्यघटना मौन बाळगते, आणि ते तिला शोभतं. या मतदारसंघाने ती उणीव पहिल्याच निवडणुकीत भरून काढली.

त्याचं असं झालं. मतदारसंघ राजधानीपासून इतका लांब, की तिकडे गेलेला खासदार वर्षातला बराचसा काळ तिकडेच राहतो. पहिल्या निवडणुकीच्या वेळी इथे एक वकील होते. त्यांना पोटाचा विकार होता आणि तो सांगायची हौस होती. (विकार बरा होण्यासारखा होता.) रस्त्यात गाठायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि आदल्या रात्रीपासूनचा साद्यंत वृत्तांत द्यायचा, हा त्यांचा क्रम. त्यांना पाहून लोक गल्ली बदलत. काहींनी घरं बदलली. हे वकील उभे राहिले आणि प्रचंड बहुमताने निवडून आले. त्यानंतर मतदारसंघाला जी शांतता लाभली तिचं वर्णन जुनी माणसं अजून डोळे मिटून करतात. मुदत संपल्यावर वकील परत आले. दरम्यान विकार मोठ्या आतड्यापर्यंत पोचला होता. त्यांचं मताधिक्य दुप्पट झालं.

पुढचा इतिहास सरळ आहे. वकील संसदेतच वारले. (अंदाजपत्रकावर बोलत होते, पण ओघात पोटाशी आले होते.) त्यांच्या जागी कवायतीचे मास्तर गेले. हे निवृत्तीनंतरही शिट्टी वाजवून येणाऱ्या-जाणाऱ्यांना रांगेत लावत. त्यांच्यानंतर आत्याबाई. त्या कोणाच्याच आत्या नव्हत्या, पण कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरून पातेल्यावरचं झाकण उचलत आणि "हे असं करतात होय तुमच्याकडे?" असं विचारत. आत्याबाई बिनविरोध निवडून आल्या. समोरच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, कारण त्या त्याच्या घरी प्रचाराला गेल्या होत्या. पुढे एका पाहणीत शेकडा एक्याण्णव मतदारांनी आपल्या मताचं कारण 'विकास' असं दिलं. उरलेले नऊ आत्याबाईंचे शेजारी होते. त्यांनी खरं कारण दिलं.

एरवी मात्र ही गोष्ट इथे कोणी उघड बोलत नसे. संस्कारच तसे होते.

आणि यामुळेच प्लंबरचा घोटाळा झाला. प्लंबर हा भला माणूस. हाक मारली की हातातला घास ठेवून यायचा, मोरीत कोपरापर्यंत हात घालायचा, आणि बाहेर काय निघालं ते कापडात गुंडाळून, कोणाला न दाखवता, घरच्या बाईच्या हाती द्यायचा. मतदारसंघातला एकही नळ असा नव्हता की ज्याला त्याचा पाना लागला नाही. त्याला एकच खूळ होतं. तो दर निवडणुकीला उभा राहायचा आणि दर निवडणुकीला त्याची अनामत जप्त व्हायची. निकालाच्या संध्याकाळी सगळे त्याच्या घरी सांत्वनाला यायचे. काहींच्या डोळ्यांत खरंच पाणी असायचं. निघताना एखादा हळूच म्हणायचा, "वाईट झालं हो. बरं, आमची टाकी जरा ठिबकतेय, सवडीने बघाल का?" आणि प्लंबर पाना घेऊन उठायचा.

पिकतं तिथे विकत नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. पण ती पुरत नसे.

"मी कुणाचं काय वाकडं केलं गं?" तो बायकोला विचारायचा.

"काही नाही हो," बायको म्हणायची. "जेवा तुम्ही."

ती त्याच्याकडे न बघता म्हणायची, हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही.

हरण्याचं खरं कारण लक्षात आलं ते एका उपाहारगृहात, भांडी घासायच्या ओट्याखाली. तो उताणा पडून पाइप जोडत होता. वर कपडे इस्त्री करणारा आणि उपाहारगृहाचा मालक बोलत उभे होते.

"यंदा प्लंबरला द्यायचं का मत? बिचारा किती वर्षं उभा राहतोय," इस्त्रीवाला म्हणाला.

"डोकं फिरलंय का तुझं?" मालक म्हणाला. "तो निवडून आला तर हा ओटा कोण दुरुस्त करणार? तू? चांगला माणूस असा घालवतात होय! मत त्याला द्यायचं, ज्याचं तोंड पाच वर्षं बघायचं नाही. माझ्या वडिलांनी मला हेच शिकवलं."

प्लंबर ओट्याखालून बाहेर आला. दोघांनी जीभ चावली. मग मालकाने त्याच्यापुढे चहा ठेवला, इस्त्रीवाल्याने त्याच्या सदऱ्यावरचं पाणी झटकलं, आणि दोघांनीही कळवळून सांगितलं की मतदारसंघात त्याच्याइतकं प्रेम कोणावर नाही. हे खरं होतं. प्लंबरने तो चहा प्यायला, पण त्याला भरून आलं ते प्रेमाने नव्हे. इतकं प्रेम, आणि मत एकही नाही! एकदा, फक्त एकदा, आपल्या नावापुढे लोकांनी शिक्का मारावा, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

मग त्याने उपद्रव द्यायचं ठरवलं. सुरुवात जड गेली, कारण सवय नव्हती. पहाटे कर्णा वाजवून पाहिला तर लोक म्हणाले, किती छान, वेळेवर जाग येते. ठिबकणारा नळ मुद्दाम तसाच सोडला, तर त्याला झोप लागेना. स्वतःच जाऊन दुरुस्त करून आला. तेव्हा कुठे त्याला आपल्या खऱ्या भांडवलाची आठवण झाली. कोणाच्या मोरीत काय अडकलं होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

त्याने जाहीर सभा घेतली. विषय होता 'मतदारसंघाचा सांडपाण्याचा इतिहास'. संगीतशिक्षकांच्या नळीतून निघालेली कवळी (ते दात स्वतःचे आहेत म्हणून सांगत), सावकाराच्या मोरीतला केसांचा काळा रंग, आणि डॉक्टरांच्या संडासात सापडलेल्या, त्यांनी लोकांना देऊन स्वतः मात्र न गिळलेल्या त्यांच्याच गोळ्या, या क्रमाने तो बोलला. दुसऱ्या सभेला गर्दी दुप्पट होती. प्रत्येक जण शेजाऱ्याचं ऐकायला आला होता आणि स्वतःचं ऐकून गेला. तिसऱ्या सभेत, भाषणाच्या भरात, त्याने आपल्याच घरातल्या मोरीचा मुद्दा घेतला. सासूबाईंनी खास जावयासाठी विणून पाठवलेली लोकरी कानटोपी हरवली नव्हती, तर बायकोने ती मोरीत कोंबली होती आणि वरून काठीने ढोसली होती. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

निकाल काय लागणार हे सांगायला नकोच. मतदारसंघाच्या इतिहासात असं मताधिक्य वकिलांनाही मिळालं नव्हतं. आजारी लोकांनी खाटेवरून येऊन मतदान केलं. मतमोजणीच्या खोलीत प्लंबर लहान मुलासारखा रडला. लोकांना आपण हवे आहोत, असं त्याला त्या दिवशी वाटलं, आणि ते वाटू देण्याइतके लोक सज्जन होते.

त्याला पोचवायला सगळा मतदारसंघ स्टेशनवर लोटला. संगीतशिक्षकांनी स्वतः ट्रंक उचलली. बायको सोबत जाणार नव्हती. "मी आहे इथेच. तिथे मला काय काम?" ती म्हणाली.

गाडी सुटायच्या आधी त्याने खिडकीतून तिचा हात धरला. "इतकी वर्षं विचारीन म्हणत होतो. तू कोणाला मत देत होतीस गं?"

"दुसऱ्यांना," ती म्हणाली. "सगळी वर्षं. जाऊ नये म्हणून."

"आणि या वेळी?"

बायकोने हात सोडवून घेतला आणि पदराला पुसला.

"या वेळी तुम्हालाच," ती म्हणाली.

गाडी हलली. प्लंबर खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी ओरडत होता. राजीनामा कुठे द्यायचा, असं विचारत असावा. पण लोक टाळ्या वाजवत होते. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत कोणी हललं नाही. (ही दक्षता वकिलांच्या काळापासून घेतली जाते, ते एकदा पुढच्या स्टेशनावरून परत आले होते.)

हल्ली मतदारसंघातले सगळे नळ ठिबकतात. प्लंबरची बायको नळाखालची बादली बदलते आणि रात्री तो आवाज ऐकत पडते. लोक मात्र समाधानी आहेत. तक्रार करायची तर ती खासदाराकडे करावी लागेल, आणि तो परत यावा असं कोणालाच वाटत नाही.

एकूण काय, ही रीत उत्तम आहे आणि तिचा प्रसारही बराच झाला आहे. आपले खासदार आपण शेवटचे कधी पाहिलेत, हे आठवून बघा. आणि परवा आपल्या शेजाऱ्यांनी एकत्र येऊन, अगदी हसतमुखाने, "साहेब, यंदा तुम्हीच उभं राहायला हवं," असा आग्रह धरला असेल, तर आपलं अभिनंदन. ते अगदी मनापासून बोलत होते.